कमरेचा हात कधी काढावा

दहाव्या वर्षी मी सदाशिव पेठेतल्या एका व्यायामशाळेत मल्लखांब शिकायला जाऊ लागले. दोन्ही हातांनी खांब धरायचा, पाय वर फेकायचे आणि उलट्या अवस्थेत पायांची अढी, म्हणजे पकड, खांबाला घालायची, अशी जी उडी असते, ती शिकताना पहिले काही आठवडे आमच्या सरांचा तळहात माझ्या कमरेला टेकलेला असे. एका संध्याकाळी उडी नेहमीसारखी झाली आणि खाली उतरल्यावर माझ्या लक्षात आले की सर चार पावले मागे उभे आहेत. त्यानंतरच्या तिन्ही खेपांना मी घसरले. सरांनी मात्र हात पुन्हा लावला नाही. चौथ्या खेपेला अढी बसली, आणि ती पुढे कायमची बसली.

गेली अकरा वर्षे मी नव्या पेठेजवळच्या एका मैदानावर मुलींना खो-खो शिकवते आहे. त्याआधी मानसशास्त्रात एम. ए. करताना कारक, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या, कौशल्यांच्या अध्ययनाचे सिद्धान्त वाचले होते. परीक्षेपुरते वाचलेले ते सिद्धान्त खरे समजू लागले ते मैदानावर उभी राहिल्यावर, आणि तेही बहुधा माझ्या शिकवण्यातल्या चुका दिसू लागल्यावर. त्या तिन्ही खेपांना सरांनी हात का लावला नाही, हा प्रश्न इतक्या वर्षांत माझ्या मनातून गेलेला नाही. या लेखात तोच धरून पुढे जाते.

सुरुवातीलाच एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण मैदानाच्या कठड्यावर बसलेल्या पालकांशी माझे जे मतभेद होतात ते जवळजवळ सगळे या एका भेदापाशी येऊन थांबतात. सराव चालू असताना जे दिसते ती त्या क्षणाची कामगिरी असते; शिकणे म्हणजे काही काळ गेल्यानंतरही टिकणारा आणि बदललेल्या परिस्थितीत उपयोगी पडणारा बदल. म्हणूनच या विषयातले संशोधक सरावाच्या वेळचे गुण पाहून थांबत नाहीत. ते दुसऱ्या दिवशी किंवा आठवड्याने, कोणतीही मदत न देता पुन्हा चाचणी घेतात, आणि शिवाय थोड्या वेगळ्या कामावरही चाचणी घेतात. पहिलीला धारण चाचणी म्हणतात, दुसरीला संक्रमण चाचणी. चमत्कारिक वाटेल, पण सरावाच्या वेळी ज्या पद्धतीने कामगिरी उंचावते तीच पद्धत पुष्कळदा या दोन चाचण्यांत मागे पडते.

कमरेच्या हाताचा प्रश्न थेट येथेच येतो. अ‍ॅलन सॅल्मोनी, रिचर्ड श्मिट आणि चार्ल्स वॉल्टर यांनी १९८४ साली त्याआधीच्या अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन असे मांडले की शिकणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नानंतर मिळणारे प्रत्याभरण, म्हणजे प्रयत्न कसा झाला याची बाहेरून मिळालेली माहिती, दुहेरी काम करते: ते योग्य हालचालीकडे नेते, आणि त्याच वेळी शिकणाऱ्याला त्या प्रत्याभरणावरच विसंबून ठेवते. पुढे १९९० साली कॅरोली विन्स्टीन आणि श्मिट यांनी एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर आणि दुसऱ्या गटाला निम्म्याच प्रयत्नांनंतर, तेही हळूहळू कमी करत, निकाल सांगितला. दुसऱ्या दिवशी निकाल न सांगता चाचणी घेतली तेव्हा निम्म्या वेळा ऐकलेला गट सरस ठरला. कारण समजण्यासारखे आहे. आपली चूक आपल्या अंगाला कळणे हेच शिकण्यातले अर्धे काम असते, आणि ती चूक दर वेळी दुसऱ्यानेच सांगितली तर ती ओळखण्याची गरजच शरीराला उरत नाही. आधाराचा हातही एका अर्थी असाच सततचा निरोप असतो.

मी शिकवू लागले तेव्हा माझा हात नव्हता, पण आवाज होता. 'कंबर खाली', 'नजर पुढे', 'खो पाठीमागून दे' हे मी दीड तास अखंड ओरडत असे आणि त्यालाच तळमळीचे शिकवणे समजत असे. सामन्यात मर्यादेच्या रेषेबाहेर बसावे लागले की मुली दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघत. त्या नजरेचा अर्थ समजायला मला तीन हंगाम लागले. आता माझा एक नियम आहे: मुलीने विचारल्याशिवाय दोष सांगायचा नाही, दुखापतीची शक्यता असेल तेवढाच अपवाद. क्रिस्टोफर जॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले होते की ज्यांना हवे तेव्हा प्रत्याभरण मागण्याची मुभा होती त्यांचे शिकणे अधिक टिकले. माझ्या अनुभवात मुली फारच थोड्या वेळा विचारतात, आणि विचारतात तेव्हा प्रश्न नेमका असतो.

कौशल्य शिकण्याचे टप्पे म्हटले की पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांची १९६७ सालची त्रिपायरी मांडणी सर्वत्र उद्धृत होते: आधी विचार करकरून करणे, मग चुका कमी होत सांधेजोड बसणे, शेवटी आपोआप होणे. वर्णन म्हणून ते खरे आहे. परंतु एका पायरीवरून दुसरीवर कसे जायचे हे ते सांगत नाही, आणि प्रशिक्षकाला नेमके तेच हवे असते.

ते सांगण्याचा प्रयत्न श्मिट यांनी १९७५ साली केला. त्याआधी १९७१ साली जॅक अ‍ॅडम्स यांनी असे मांडले होते की योग्य हालचालीचा एक ठसा मनात उमटत जातो आणि प्रत्येक नवी हालचाल त्या ठशाशी ताडून पाहिली जाते. तसे असेल तर अचूक हालचालच पुन्हा पुन्हा करणे हा उत्तम सराव ठरतो. श्मिट यांचा आक्षेप असा होता की खेळाडू जी हालचाल पूर्वी कधीच तंतोतंत केलेली नाही तीसुद्धा करू शकतो, मग तिचा ठसा कोठून आला? त्यांच्या मते आपण एकेक हालचाल साठवत नाही. किती जोर लावला की काय घडते, याचा नियम साठवतो, आणि तो नियम विविध अंतरे, वेग आणि दिशा अनुभवल्यानेच पक्का होतो. या विचाराला पुष्टी देणारा रॉबर्ट केर आणि बर्नार्ड बूथ यांचा १९७८ सालचा प्रयोग मला फार आवडतो. त्यात आठ वर्षांच्या मुलांच्या एका गटाने लहान पिशव्या ३ फुटांवरच्या लक्ष्यावर टाकण्याचाच सराव केला, तर दुसऱ्या गटाने २ आणि ४ फुटांवर. शेवटी चाचणी ३ फुटांवरच झाली आणि ज्या मुलांनी त्या अंतरावर सरावच केला नव्हता ती अधिक अचूक ठरली.

हे सगळे वाचलेले असूनही मी आठवीतल्या एका मुलीला खांबावरचा सूर शिकवताना नेमके उलट केले. खो-खो न पाहिलेल्यांसाठी सांगते: मैदानाच्या मधल्या पाटीच्या, म्हणजे लांब पट्ट्याच्या, दोन्ही टोकांना सुमारे सव्वा मीटर उंचीचे खांब असतात. आक्रमक धावत येतो, एका हाताने खांबाचा आधार घेत अंग पलीकडे झोकून देतो आणि खांबाआडून वळणाऱ्या संरक्षकाला टिपतो. मी दुसऱ्या एका मुलीला खांबापलीकडे ठरावीक जागी उभे केले आणि या आठवीतल्या मुलीकडून शुक्रवारी ओळीने चाळीस सूर मारून घेतले, सगळे उजवीकडून. शेवटचे वीस देखणे झाले. रविवारच्या सामन्यात खांबावर तिला एकही गडी टिपता आला नाही. तिचे वडील मला म्हणाले, "ताई, शुक्रवारी तर हिचं एकही चुकत नव्हतं, मग आज काय झालं?" मी त्यांना सामन्याच्या ताणाचे कारण सांगितले. ते उत्तर अपुरे होते, आणि चूक मुलीची नसून माझ्या शुक्रवारची होती.

त्या चुकीचे एक स्पष्टीकरण जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांच्या १९७९ सालच्या प्रयोगात आहे. हातात चेंडू धरून लहान लाकडी अडथळे ठरलेल्या क्रमाने पाडायचे, असे तीन वेगवेगळे क्रम त्यांनी शिकवले. एका गटाने एक क्रम संपवून मग दुसरा घेतला. दुसऱ्या गटाला तिन्ही सरमिसळ करून मिळाले. सरावात पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनंतरच्या चाचणीत सरमिसळ करणारा गट पुढे गेला. पुढे १९९४ साली केली हॉल आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन बेसबॉल खेळाडूंना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, जादा फलंदाजीचा सराव दिला. तीन प्रकारचे चेंडू प्रत्येकी पंधरा, एकूण पंचेचाळीस. एका गटाला प्रकारवार, दुसऱ्याला बेभरवशाच्या क्रमाने. बेभरवशाच्या क्रमाने टाकलेल्या चेंडूंच्या अखेरच्या चाचणीत सरमिसळ गटाची सुधारणा सुमारे ५७ टक्के होती आणि प्रकारवार गटाची सुमारे २५ टक्के.

असे का व्हावे? एक उत्तर असे की एकच कृती ओळीने केली तर दुसऱ्या खेपेपासून आपण ती नव्याने योजतच नाही, मागच्या खेपेची योजना अजून हाताशी असते तीच वापरतो. मध्ये दुसरे काही आले की ती योजना विसरली जाते आणि पुन्हा उभारावी लागते. त्या उभारणीतच शिकणे घडते. माझ्या विद्यार्थिनीने चाळीस सूर मारले खरे, पण सुराचा निर्णय एकदाच घेतला. मात्र येथे एक खबरदारी नोंदवली पाहिजे: प्रयोगशाळेतल्या सोप्या कामांत हा परिणाम जितका ठळक दिसतो तितका तो प्रत्यक्ष खेळांत दिसत नाही, आणि अगदी नवख्या मुलांना पहिल्याच दिवशी सरमिसळ दिली तर ती गोंधळतात. हालचालीचा ढोबळ आकार आल्यावरच मी आता क्रम मोडते.

दुसरे स्पष्टीकरण मला अधिक खोलवरचे वाटते. खांबापलीकडे स्थिर उभ्या केलेल्या मुलीकडून सूर मारणारीला काहीच माहिती मिळत नव्हती. खऱ्या खेळात संरक्षक हूल देतो, त्याचा खांदा आधी झुकतो, वजन एका पायावर जाते, आणि त्यावरून आक्रमकाला उडीची दिशा व क्षण ठरवायचा असतो. जेम्स गिब्सन यांच्या विचारातून वाढलेली परिस्थितिकीय मानसशास्त्राची शाखा सांगते की पाहणे आणि हालणे ही दोन वेगळी कामे नाहीत. ती एकमेकांना बांधलेली असतात आणि बांधलेल्या अवस्थेतच शिकावी लागतात. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २००० साली क्रिकेटच्या फलंदाजांच्या नजरेच्या हालचाली नोंदवल्या, तेव्हा दिसले की फलंदाज चेंडूचा सबंध मार्ग पाहतच नाही: चेंडू सुटताना तो पाहतो, मग नजर चेंडूच्या आधीच टप्प्याच्या जागी उडी घेते, आणि कसलेल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते. म्हणजे नजरेलाही शिकवावे लागते. पुण्यात आता जागोजागी बोलिंग मशीनवर मुलांचा सराव चाललेला दिसतो. यंत्राला धाव नसते, खांदा नसतो, मनगट नसते, आणि यंत्रापुढे फलंदाजाच्या हालचालींचे वेळापत्रक बदलते हेही अभ्यासांतून दिसले आहे. पालकांनी पैसे भरण्यापूर्वी याचा जरूर विचार करावा असे मला मनापासून वाटते.

१९५७ साली क्रिस्टोफर पोल्टन यांनी कौशल्यांचे बंदिस्त आणि मुक्त असे दोन प्रकार सांगितले. माझ्या आयुष्यातले दोन खांब जणू त्या दोन प्रकारांची उदाहरणे आहेत. मल्लखांबाचा खांब जागचा हलत नाही, कोणाच्या मनात काय आहे हे ओळखावे लागत नाही. खो-खोचा खांबही हलत नाही, पण त्याच्या आडचा गडी हलतो. यावरून मी बरीच वर्षे असे समजत होते की मल्लखांबात तरी घोटून एकसारखे करणे हाच मार्ग असणार. हा समज निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने दूर केला. १९२० च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रमसंस्थेत त्याने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचालींच्या छायाचित्रांद्वारे नोंदी घेतल्या. हातोड्याचे टोक दर घावाला जवळजवळ त्याच जागी पडत होते, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग दर वेळी निराळे होते. एका सांध्यात झालेला फरक दुसरा सांधा भरून काढत होता. म्हणून सराव म्हणजे एखादे उत्तर पुन्हा पुन्हा गिरवणे नसून ते उत्तर शोधण्याची क्रिया पुन्हा पुन्हा करणे आहे. त्याने याला पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती म्हटले. नवखा माणूस इतके सांधे एकदम सांभाळता येत नाहीत म्हणून अंग ताठ करून त्यांतले बरेचसे गोठवून टाकतो, आणि सराव वाढतो तसे ते एकेक मोकळे करतो, हेही त्याचेच निरीक्षण. खांबाला घट्ट चिकटून राहणारे पहिल्या महिन्यातले मूल ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. त्या मुलाला 'अंग सैल सोड' असे कितीही सांगितले तरी ते सोडत नाही.

सांगावे तरी काय, याबद्दल गॅब्रिएले वुल्फ यांचे काम पुष्कळ गाजले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बर्फावर घसरण्याची नक्कल करणाऱ्या यंत्रावर शिकणाऱ्यांपैकी काहींना स्वतःच्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितले, काहींना पायांखालच्या चाकांकडे. अंतर काही इंचांचे, पण चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. अलीकडे या परिणामाचा आकार वाटतो तितका मोठा नाही अशी टीका झाली आहे आणि ती मी गांभीर्याने घेते. तरीही 'गुडघा वाकव' यापेक्षा 'खांबाच्या मुळाशी धूळ उडव' या सूचनेने माझ्या मुलींचा सूर अधिक खाली येतो, हे मी अनेक वर्षे पाहते आहे.

याच धाग्याचे दुसरे टोक दडपणात सापडते. रिच मास्टर्स यांनी १९९२ साली काहींना नियम सांगून आणि काहींना मनात दुसरेच काम चालू ठेवायला लावून गोल्फचा चेंडू खळगीत ढकलायला शिकवले. ताण आणल्यावर नियम ठाऊक असणारे अडखळले, नियम न सांगता येणारे सुधारत राहिले. सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांच्या २००२ सालच्या प्रयोगात मुरलेल्या फुटबॉल खेळाडूंना चेंडू नेताना आपल्या पायाकडे लक्ष द्यायला लावले तर त्यांचा वेग घटला. नवख्यांचा घटला नाही. जे काम शरीराकडे सोपवले आहे ते मनाने परत मागितले की दोघांचाही गोंधळ होतो. विद्यापीठाच्या संघातून खेळताना एका निर्णायक सामन्यात मी सूर मारण्याआधी डावा पाय कोठे टेकवायचा याचा विचार केला होता. तो पाय आजही मला दिसतो, गडी मात्र दिसत नाही.

आमच्या व्यायामशाळेत खांब एकच होता आणि मुले वीस-पंचवीस. तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार खेपा येत, उरलेला वेळ रांगेत जाई. मी याला तेव्हा गैरसोय समजत असे. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली निरीक्षणातून शिकण्याचे जे चार घटक सांगितले, म्हणजे लक्ष देणे, स्मरणात ठेवणे, शरीराने ते उतरवणे आणि करण्याची इच्छा असणे, ते चारही त्या रांगेत होते. शिवाय पेनी मॅक्युला आणि इतरांच्या अभ्यासांतून असे दिसते की निष्णाताचे प्रात्यक्षिक पाहण्याइतकेच, आपल्यासारख्याच शिकणाऱ्याची चूक आणि त्यावरची दुरुस्ती दोन्ही पाहणेही उपयोगी असते. सर पुढच्या मुलाला जे सांगत ते रांगेतली सगळी मुले ऐकत, आणि आपली पाळी येईपर्यंत पुरेसे विसरतही.

किती तास सराव हवा, हा प्रश्न मला दर जूनमध्ये विचारला जातो. निष्णात व्हायला दहा हजार तास लागतात, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. तिचे मूळ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ सालच्या बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासात आहे. तेथे तो आकडा सर्वोत्तम गटाची सरासरी होती, कोणाची पात्रता नव्हे; आणि एरिक्सन यांचा भर तासांपेक्षा त्या तासांत काय केले यावर होता. २०१४ साली ब्रुक मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा खेळांतल्या कामगिरीच्या फरकापैकी सुमारे १८ टक्केच अशा हेतुपूर्वक सरावाने स्पष्ट होत होता. मी पालकांना आठवड्याचे चार दिवस सांगते आणि विषय बदलते.

आता दर सोमवारी मी पहिली पंधरा मिनिटे काहीही शिकवत नाही. मुली येतात, अंग मोकळे करतात आणि मागच्या आठवड्यात जे केले ते खेळातच करून दाखवतात. मी वहीत टिपत बसते. शुक्रवारी स्वच्छ दिसलेले बरेचसे सोमवारी नसते, आणि शुक्रवारी धडपडत झालेले काही सोमवारी आपले आपण उभे असते. आठवीतली ती मुलगी आता अकरावीत आहे. खांब तिला दोन्ही बाजूंनी येतो, पण शुक्रवारी तिचे निम्मे सूर आजही चुकतात, कारण तिच्यापुढचा गडी आता उभा नसतो.

मार्क ग्वाडाग्नोली आणि टिमोथी ली यांनी २००४ साली आव्हानबिंदूची कल्पना मांडली: काम किती अवघड असावे याचे उत्तर कामात नसून काम आणि शिकणारा यांच्या जोडीत असते, आणि शिकणारा वाढला की तो बिंदू सरकतो. हे वाचल्यावर मी माझ्या जुन्या सरांना भेटायला गेले. ते आता शिकवत नाहीत. मी त्यांना विचारले की त्या दिवशी त्यांनी हात अचानक का काढला आणि मी तीनदा पडले तरी परत का लावला नाही. ते म्हणाले, "अचानक कुठे काढला? पंधरा दिवस कमी करत होतो. शेवटच्या आठवड्यात दोनच बोटं होती, तुला कळलं नाही. ती उडी तुझी तूच घेतली होतीस. पुढच्या तीन वेळा पडलीस, कारण तेव्हा हात नाही हे तुला ठाऊक होतं. त्याला मी हात लावून काय उपयोग?"

जूनपासून सहा-सात वर्षांच्या मुलींचा एक गट माझ्याकडे आला आहे. मातीवर पुढे झोकून देण्याची भीती घालवण्यासाठी मी त्यांच्या पोटाखाली हात धरते. त्यांतल्या दोघींच्या बाबतीत या आठवड्यात मी दोन बोटांवर आले आहे.